जमिनीवरची किल्ली

१

फणसवाडीतल्या यशोदाबाई विजयकरांनी बुधवारी संध्याकाळी देवघरातली पेटी पुसायला उचलली आणि ती हाताला हलकी लागली. कानाशी नेऊन हलवली. आत काहीच वाजेना. "अगं बाई, माझे गोठ!" अशी त्यांनी आरोळी ठोकली ती खाली वाण्याच्या दुकानात ऐकू गेली म्हणे.

हातात घालायचे, भरीव सोन्याचे ते गोठ यशोदाबाईंच्या सासूचे. ते सुनेकडून सुनेकडे जायचे, लेकीला मिळायचे नाहीत, अशी त्या घराची रीत. म्हणून थोरल्या मनमोहनचं लग्न झालं तेव्हा पेटीची किल्ली नव्या सुनेच्या, मृणालिनीच्या, कमरेला गेली. आता पेटी फोडलेली नव्हती, कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकच. मग चोर शोधायला लांब कशाला जायचं? धाकट्या बंडूने पोलीस आणले आणि सब-इन्स्पेक्टर डिमेलोने सुनेला धरलं.

त्यावर कळस म्हणजे यशोदाबाईंची लेक उर्मिला. तिला घोडपदेवला दिलेली. तिने पोलिसांना जबाब दिला, की मंगळवारी दुपारी आई प्रवचनाला गेली असताना मी माहेरी गेले होते, आणि वहिनी देवघरात शिरून पेटीतून गोठ काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

छप्पन सालचा मे महिना होता. मनमोहन संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात बसलेला. मृणालिनी शाळेत शिक्षिका. जामिनावर सुटली तर सासूने दार लावून घेतलं, म्हणून ती दादरला मावशीकडे राहिली. गुन्हा शाबीत झाला असता तर कैद, नोकरीवर पाणी, आणि नवरा सुटून येतो तो बायको चोर ठरलेली.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण एकच. तिचं वकीलपत्र घेतलं आमच्या ह्यांनी. कमलाकांत तळपदे वकील म्हणजे आमचे हे. नाव मी उखाण्यात घेतलं होतं त्यानंतर आज इथे घेतेय, तेही तुम्हांला कळावं म्हणून.

२

ह्यांची कचेरी घरातच, दिवाणखान्याच्या शेजारी. ती मृणालिनी आठवड्यातून तीनदा यायची. पांढरं पातळ, लांबसडक वेणी, बोलणं हळू. ती गेली की हे जेवताना सुरू. "काय मुद्देसूद बोलते गं ही मुलगी! एक शब्द फुकट नाही."

मी वीस वर्षं ह्यांच्या ताटात गरम पोळी वाढतेय. माझं बोलणं कधी मुद्देसूद नव्हतं वाटतं! जळत होते मी. हो, जळत होते, लपवू कशाला?

"एवढी नणंदेची साक्ष आहे," मी म्हटलं, "मग लढवताय कशाला? केली असेल चोरी."

"साक्ष ऐकीव असती तर मी फुंकरीसरशी उडवली असती," हे म्हणाले. "अमक्याने मला सांगितलं, असलं कोर्टात चालत नाही. पण ही बाई म्हणते मी स्वतः पाहिलं. तो प्रत्यक्ष पुरावा. त्यात डिमेलोची साक्ष आहे. आरोपी वागली कशी, हाही पुरावाच असतो. त्याने किल्ली मागितली तर हिने ती हातात दिली नाही, जमिनीवर टाकली. पेटी दाखव म्हटलं तर देवघराकडे पाऊल टाकेना, गॅलरीच्या दारातच उभी. मनात पाप आहे म्हणून चोरीच्या जागी जाववेना, असा अर्थ सरकारी वकील काढणार."

"मग ती काय म्हणते त्यावर?"

"ते तुला सांगता येणार नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेलं वकिलापाशीच राहतं."

"आणि नवऱ्याने बायकोला सांगितलेलं?"

"तेही कोर्टाला उकरता येत नाही."

"मग सांगा की!"

"आमटी वाढ," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांचं नि तिचं गुपित, आणि माझ्या वाट्याला आमटी! दुसरी कुठली बाई असती तर तिला त्या किल्लीच्या गोष्टीवरूनच तिथल्या तिथे उमजलं असतं. मला नाही उमजलं. मला वाटलं, टाकली असणार किल्ली, शिष्टच आहे ती. आणि ठरवलं, की तिनेच गोठ चोरलेत हे आपण शोधून काढायचं आणि ह्यांच्या ताटात वाढायचं.

३

आमच्या जातीत कोणी परकं नसतं. यशोदाबाई माझ्या आत्याच्या चुलतजाऊ निघाल्या. नारळ नि फुलं घेऊन मी फणसवाडीत गेले.

दोन खोल्या, मागे गॅलरी. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात देवघर. यशोदाबाई कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. देवांची फुलं ताजी होती, पण सगळीकडे गोमूत्राचा वास.

"मधेच शुद्धी कशी केलीत?" मी विचारलं.

"देवांना विटाळ झाला. ऐकल्याबरोबर मी सगळे देव धुतले, तेव्हापासून रोज गोमूत्र शिंपडते." त्यांनी तोंड फिरवलं. "पुढे विचारू नकोस सुमती. चोरी झाली ती झाली, पण निदान देव तरी सोडायचे होते तिने."

"उर्मिलेने काय काय पाहिलं, तुम्हांला सांगितलं असेल ना?"

"कुठलं! ती आलीच नाही गं नंतर. मला तर त्या डिमेलोनेच सांगितलं, तुमच्या मुलीने पाहिलंय म्हणून. आता कोर्टात भेटेल."

बंडू छापखान्यातून जेवायला आला होता. मी त्याला हळूच गाठलं. "काय रे, त्या मंगळवारी दुपारी तू घरी होतास?"

"जेवून गेलो ना काकू. आईने वाढलं नि पळाली प्रवचनाला."

"आईने? स्वयंपाक वहिनी नाही करत?"

"करते. त्या दिवसांत आईच करत होती. वहिनी आपली गॅलरीत पुस्तक वाचत बसलेली. तिला काय, सुट्टी!"

मी गॅलरीत गेले. एका टोकाला वेगळ्या दोरीवर एक घोंगडी अजून तशीच टांगलेली होती आणि खाली कोपऱ्यात एक तांब्या नि एक ताटली, घरच्या भांड्यांपासून लांब, पालथी घातलेली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई गं! किल्ली हातात दिली नाही! देवघराकडे पाऊल टाकलं नाही!

पोरगी बाजूला बसली होती. चार दिवस. आमच्या घरांत कोणी हे मोठ्याने बोलत नाही, कावळा शिवला म्हणतात नि गप्प बसतात. अशी बाई कोणाच्या हातात वस्तू देत नाही, खाली ठेवते, समोरच्याने उचलायची. बांद्र्याच्या डिमेलोला ते काय कळणार? त्याने उद्धटपणा लिहिला.

आता तुम्ही म्हणाल, चोरी करणारी बाई विटाळ कशाला बघेल? बरोबर आहे. तिचं राहू द्या. पण उर्मिला? ती तर बघत उभी होती ना! बाजूला बसलेली वहिनी देवघरात शिरताना पाहून ती गप्प राहील?

४

दुसऱ्या दिवशी मी घोडपदेव गाठलं. उर्मिलेचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. मूलबाळ नाही. घरात डोळे गेलेला म्हातारा सासरा खाटेवर पडून असायचा. बाई चाळिशीची, अंगाने भरलेली, एकेकाळी देखणी असणार.

उन्हाने पत्रे तापले होते, तरी हिच्या अंगात मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं.

"उकडत नाही का गं?" मी म्हटलं.

"अंगावर पुरळ उठलंय," ती म्हणाली आणि पदर आणखी पुढे ओढला.

तिने सरबताचा पेला पुढे केला. दोन्ही हातांची बोटं सुजली होती आणि अंगठ्यांच्या मुळाशी साल निघालेली, दोन्हीकडे अगदी सारखी. नळाशी साबणाची वडी पार झिजून गेलेली.

"हाताला काय झालं?"

"नारळ खवताना खवणी लागली."

दोन्ही हातांना? माझ्या मनात आलं, पण बोलले नाही. मी आपली मृणालिनीची निंदा सुरू केली. ती मला चांगली जमायची, सराव होता. उर्मिला खुलली.

"वडील गेल्यावर ते घर मी सांभाळलं हो सुमतीताई. माझं लग्न उशिरा झालं ते त्यापायी. दहा वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला होती. दर दिवाळीला मी ते गोठ चिंचेने घासायची. आई म्हणायची, उर्मे, घालून बघू नकोस, ते सुनेचे. आणि ही परवा आली, दोन पुस्तकं शिकलेली, तर आईने माझ्यादेखत किल्ली काढून हिच्या कमरेला लावली. मला विचारलंसुद्धा नाही."

तिचा आवाज घोगरा झाला होता. मला तो आवाज ओळखीचा वाटला. रोज रात्री पोळ्या करताना माझ्या मनात तोच बोलत असे. मला तिचा राग यायला हवा होता, पण आली ती दया, आणि त्यानेच मी जास्त चिडले.

"त्या मंगळवारनंतर गेली होतीस का माहेरी?"

"नाही. त्याआधी रविवारी जेवायला गेले होते, मग मंगळवारी गेले. आता त्या घरात पाय ठेववत नाही."

म्हणजे वहिनी बाजूला बसली होती, हे हिला अजून कळलेलं नव्हतं. मी सरबत संपवलं आणि उठले.

५

घरी आले तेव्हा मृणालिनी कचेरीत बसलेली. मी दार लावून घेतलं. हे चमकले.

"तुम्ही जरा बाहेर जा," मी ह्यांना म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी का म्हणून विचारलं नाही.

"मृणालिनी," मी म्हटलं, "मंगळवारी तू बाजूला बसली होतीस."

ती लालबुंद झाली. मग डोळ्यांतून पाणीच वाहायला लागलं. "सोमवारपासून, काकू. मी वकीलसाहेबांना फक्त एवढंच म्हटलं, की मी देवघरात गेले नाही, जाऊच शकत नव्हते. का, ते पुरुषमाणसाला कसं सांगू?"

म्हणजे ते गुपित म्हणतात ते एवढंच होतं! मला हसावं की रडावं कळेना.

"मग कोर्टात सांग."

"नाही!" ती एकदम म्हणाली. "तिथे वर्तमानपत्रवाले बसतात. मी मुलींना शिकवते. शाळेत तोंड कसं दाखवू? त्यापेक्षा शिक्षा झाली तर होऊ दे."

"आणि मनमोहन सुटून आल्यावर?"

तिने पदराने तोंड झाकून घेतलं. ती गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे कपाळावर हात मारून बसले.

"अशिलाची परवानगी नाही, तर मी तो शब्द काढू शकत नाही," हे म्हणाले. "तू सांगितलेलं तर ऐकीवच. तू थोडीच तिथे होतीस?"

"ज्या घरात होत्या त्यांनी सांगितलं तर?"

"यशोदाबाई? त्या सरकारतर्फे साक्षीदार आहेत. आणि बाई लेकीविरुद्ध कशाला बोलेल?"

"उर्मिला बारीकसारीक काय सांगणार आहे ते त्यांना माहीतच नाही. मला एक सांगा, साक्षीदार एकमेकांची साक्ष ऐकतात का हो?"

"नाही. ज्यांची व्हायची ते बाहेर बसतात. झाली की आत बसायला हरकत नाही."

"यशोदाबाई फिर्यादी. म्हणजे त्यांची आधी होणार."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "होणार."

"मग त्यांना आत बसवायचं काम माझं. तुम्ही उर्मिलेला एवढंच विचारायचं, की वहिनीने तुझा पाहुणचार काय केला."

६

कोर्ट भरलं. मॅजिस्ट्रेट मेहेरजी, म्हातारे पारशी गृहस्थ. यशोदाबाईंनी पेटीची हकीगत सांगितली, डिमेलोने किल्लीची. आरोपीच्या पिंजऱ्यात मृणालिनी मान खाली घालून उभी. यशोदाबाई घरी निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरून बाकावर बसवलं. "लेकीची साक्ष ऐकून जा."

उर्मिला आली. लांब बाह्या, अंगभर पदर, कपाळावर घाम. यशोदाबाई पुटपुटल्या, "ही उन्हाळ्यात असलं पोलकं कधीपासून घालायला लागली?"

सरकारी वकिलापुढे ती घडाघडा बोलली. मग हे उठले. आवाज अगदी गोड.

"मंगळवारी आपण माहेरी किती वेळ होता?"

"तासभर."

"भर उन्हात घोडपदेवहून आलात. वहिनींनी काही खायला-प्यायला दिलं की नाही?"

सरकारी वकील उठले. "या प्रश्नाचा खटल्याशी काय संबंध?"

"साक्षीदार म्हणते मी तिथे होते. ती खरोखर होती का, एवढाच संबंध," हे म्हणाले. मॅजिस्ट्रेटनी मान डोलावली.

"दिलं की," उर्मिला म्हणाली. "मी काही खोटं बोलणार नाही. तिने स्वयंपाकघरात जाऊन भजी तळली, ताटली माझ्या हातात दिली. माझ्या शेजारी पाटावर बसून खाल्लीसुद्धा. मग हात धुऊन देवघरात शिरली."

माझ्या हातातला यशोदाबाईंचा हात ताठ झाला.

"नीट आठवून सांगा. ताटली हातात दिली?"

"हो, हातात दिली. माझ्या ह्या हातात."

"खोटं!" यशोदाबाई उभ्या राहिल्या होत्या. "उर्मे, खोटं! तू आली नव्हतीस!"

कोर्टात गलका झाला. मॅजिस्ट्रेटनी टेबल वाजवलं. "बाई, तुमी बाकावरून बोलते ते कोर्टाला ऐकू येत नाय. बोलायचा असेल तर परत पिंजऱ्यात या, नि शपथेवर बोला."

यशोदाबाई थांबल्या. एकीकडे पोटची पोर, नवरा बोटीवर, कूस रिकामी. दुसरीकडे दोन वर्षांची सून, जिला त्यांनी दाराबाहेर काढलं होतं. गप्प बसल्या असत्या तर कोणी त्यांना काही विचारणार नव्हतं. उर्मिला त्यांच्याकडे बघत होती. मी हात सोडला. ते मला ठरवायचं नव्हतं.

म्हातारी पिंजऱ्यात चढली.

"देवाला स्मरून सांगते. मंगळवारी माझी सून कोणाच्या हातात काही देऊ शकत नव्हती. स्वयंपाकघरात जाऊ शकत नव्हती. पाटावर बसू शकत नव्हती. त्या दिवशी तासभर घरात बसलेल्या बाईला हे कळल्यावाचून राहिलंच नसतं. आणि माझ्या लेकीने तिला देवघरात शिरताना पाहिलं असतं, तर गप्प उभी राहिली नसती, वाडी डोक्यावर घेतली असती. माझ्या हाताखाली वाढलीय ती. ती त्या दिवशी घरात नव्हती, साहेब."

"का देऊ शकत नव्हती?" सरकारी वकिलांनी विचारलं.

मागच्या बाकांवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मेहेरजींनी हात वर केला. "तो सवाल कोर्ट विचारू देणार नाय. आमच्या पण घरी आई होती. कोर्टाला समजला." ते डिमेलोकडे वळले. "आणि किल्ली जमिनीवर का ठेवली, ते पण समजला."

मृणालिनीने पहिल्यांदाच मान वर केली.

"पण मग गोठ कुठे?" सरकारी वकील म्हणाले. साक्षीदाराची झडती काही घेता येत नाही, हे ह्यांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. कायदा तिथे थांबला. यशोदाबाई पिंजऱ्यातून उतरल्या आणि लेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उर्मे, बाह्या वर कर."

"आई, नको ना."

"कर म्हणते ना!"

उर्मिलेने बाही सरकवली. कोपराखाली, सुजलेल्या मांसात रुतून बसलेला तो गोठ झळकला. दुसऱ्या हातालाही तसाच.

"निघत नाहीत गं आई," ती हंबरडा फोडून रडायला लागली. "साबण लावला, तेल लावलं, निघत नाहीत. मला विकायचे नव्हते. माझ्याकडे जुनी दुसरी किल्ली होती. रविवारी जेवणं झाल्यावर तुम्ही सगळे झोपलात तेव्हा काढले. एकदा घालून बघणार होते नि आणून ठेवणार होते. दहा वर्षं घासले गं मी ते! ही आली नि हिच्या हातात कसे सरळ गेले! माझे हात काय वाईट होते?"

खरं सांगते, मलाही रडू आलं.

७

गोठ सोनाराकडून कापून काढावे लागले. मृणालिनी निर्दोष सुटली. उर्मिलेवरचा खटला यशोदाबाईंनी कोर्टाच्या परवानगीने मिटवला, तो सुनेने पाय धरले म्हणून. कापलेल्या गोठांचे सोनाराने पुन्हा दोन गोठ केले. त्यातला एक मृणालिनीने आपल्या हाताने उर्मिलेला दिला. यशोदाबाई म्हणाल्या, रीत मोडली. पण आडव्या आल्या नाहीत.

जेवताना हे म्हणाले, "सुमती, काय मुद्देसूद डोकं आहे गं तुझं!" वीस वर्षं उशीर झाला होता, पण मी पोळीवर तूप जास्त घातलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी दारात मृणालिनी उभी. हातात नारळाच्या वड्यांचं ताट. "मावशीने केल्यात, काकू. हे सुटून आले परवा." मग ती खाली बघू लागली. "मी आत येत नाही आज." आणि वाकून तिने ते ताट उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं.

माझं घरही काही कमी सोवळ्याचं नाही. स्वयंपाकघरातून माझ्या सासूबाई बघत होत्या.

"उचल ते," मी म्हटलं.

"काकू, अहो..."

"उचल म्हणते ना. आणि माझ्या हातात दे."

तिने दिलं. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. लांबसडक, नाजूक बोटं होती मेलीची.

वड्या झकास झाल्या होत्या. ह्यांना मात्र मी एकच दिली.